चूक दाखवा, टाळ्या नकोत

कीबोर्डवर उजव्या हाताने सारेगम वाजवताना अंगठा 'सा'वर, तर्जनी 'रे'वर, मधलं बोट 'ग'वर आणि मग 'म'साठी पुन्हा अंगठाच. तोही मधल्या बोटाखालून अलगद सरकवून आणायचा. सांगायला सोपं आहे. माझा अंगठा तिथे तीन आठवडे अडून बसला होता. कधी 'म' दोनदा वाजायचा, कधी तो गाळून बोट थेट 'प'वर पडायचं, आणि सूर बरोबर लागलाच तर लय लंगडायची. दर वेळी शेजारी बसलेला माझा शिक्षक, वयाने माझ्या मुलापेक्षाही लहान, मनापासून म्हणायचा, "वा काकू, छान!"

चौथ्या आठवड्यात माझा तोल गेला. "छान काय छान? 'म' दोनदा वाजला की रे!"

तो ओशाळला. "हो, वाजला. पण तुम्ही या वयात शिकताय हेच केवढं आहे, काकू."

त्याचा हेतू चांगलाच होता. पण माझ्या आधीच्या तासाला नऊ वर्षांची एक मुलगी येते. त्याच दिवशी मी दाराशी बसून ऐकलं होतं, तिला त्याने अशाच एका चुकीसाठी पाच वेळा मागे आणलं होतं. तिच्या पदरात चूक आणि माझ्या पदरात कौतुक. तिला पुढे वाजवता येईल अशी त्याची अपेक्षा होती. माझ्याकडून कसलीच नव्हती.

ही एका भल्या मुलाची चूक असती तर मी लेख लिहायला बसले नसते. उतारवयातल्या माणसांसाठी संगीताची जी काही सोय आपण करतो, ती सगळी याच चालीवर बेतलेली असते. जुनी गाणी लावायची, एखाद्या पाहुण्या कलाकाराला बोलवायचं, मंडळींनी खुर्चीत बसून टाळ्यांचा ठेका धरायचा, शेवटी फोटो. वर पुन्हा ऐकवायचं, की संगीत मेंदूसाठी चांगलं असतं. या वाक्यातला कर्ता कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. वाजवणारा, की ऐकणारा? शिकणारा, की करमणूक करून घेणारा? संशोधनाने आजवर जे हाती दिलं आहे त्याचा कल माझ्या मते स्पष्टपणे शिकण्याच्या आणि वाजवण्याच्या बाजूचा आहे. म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूच्या नावाखाली जो पैसा, जी जागा आणि जो वेळ खर्ची पडतो, त्यातला मोठा वाटा करमणुकीकडून काढून शिकवणीकडे वळवायला हवा.

आधी पुरावा काय आहे ते पाहू, आणि त्याच्या कच्च्या बाजूही.

२००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास आला. सुरुवातीला कोणालाच स्मृतिभ्रंश नव्हता. साधारण पाच वर्षांच्या पाठपुराव्यात १२४ जणांना तो झाला. फावल्या वेळात कोण काय करतं याची नोंद आधीच घेतलेली होती. वाचन, पटावरचे खेळ, नाच आणि वाद्यवादन यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका कमी दिसला. शारीरिक हालचालींच्या यादीतून एकटा नाच पार झाला, हेही गमतीचं. नाचणाऱ्याला पावलं आठवावी लागतात, ठेका धरावा लागतो, जोडीदाराला सांभाळावं लागतं. सायकल चालवताना यातलं काही करावं लागत नाही.

यावर पहिली शंका कोणालाही येईल. वाद्य वाजवणारी माणसं मुळातच जरा वेगळी नसतात का? शिकलेली, घरचं बरं असलेली, लहानपणी कोणीतरी शिकवणीला घातलेली. शिवाय ज्याचा मेंदू आतून पोखरला जायला लागला आहे तो वाद्य आपणहून बाजूला ठेवतो, म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदलही झालेली असू शकते. शंका रास्त आहे. स्वीडनमधल्या जुळ्यांवरचा २०१४ सालचा अभ्यास तिला थोडंसं उत्तर देतो. त्यात जुळ्यांच्या १५७ जोड्या अशा होत्या की एकाला स्मृतिभ्रंश किंवा बौद्धिक घसरण आणि दुसऱ्याला नाही. मोठेपणी वाद्य वाजवणाऱ्या भावंडाला हा त्रास होण्याची शक्यता ६४ टक्क्यांनी कमी निघाली. शिक्षण आणि व्यायाम हिशोबात धरूनही फरक टिकला. घर एक, आईबाप एक, तरी फरक. पण जिथे एक वाजवणारा आणि दुसरा न वाजवणारा अशा जोड्या त्यात मोजक्याच होत्या, त्यामुळे ६४ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने २०२४ साली चाळिशीपुढच्या अकराशेहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातही वाद्य, विशेषतः पियानो, आणि चांगली स्मरणशक्ती यांची सांगड दिसली. सांगडच. कारण सिद्ध होत नाही.

म्हणून मला जास्त भरवशाचे वाटतात ते प्रयोग, ज्यांत आयुष्यात कधी वाद्याला हात न लावलेल्या माणसांना धरून आणून शिकवलं. २००७ साली अमेरिकेत ६० ते ८५ वयोगटातल्या ३१ जणांवर असा एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सहा महिने एकेकट्याने पियानोची शिकवणी, घरी सराव सक्तीचा. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर चटकन वळवणं आणि खुणा-आकडे भराभर जुळवणं, अशा चाचण्यांत ते पुढे गेले. मात्र दुसऱ्या गटाला त्या काळात काहीच दिलं नव्हतं. कोणीतरी दर आठवड्याला आस्थेने भेटतंय याचाच हा परिणाम कशावरून नसेल?

जिनिव्हा आणि हॅनोव्हर इथल्या संशोधकांनी ही फट बुजवायचा प्रयत्न केला. ६२ ते ७८ वयाची, निवृत्त, धडधाकट १३२ माणसं. एका गटाला पियानो. दुसऱ्याला ऐकून संगीताची ओळख, म्हणजे वाद्यं ओळखणं, रचनेची बांधणी समजून घेणं, शैलींतला फरक पकडणं. दोन्हीकडे आठवड्याला तासभर वर्ग आणि रोज अर्धा तास गृहपाठ. सहा महिन्यांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली आले. दोन्ही गटांत लहान मेंदूसह काही भागांतला करडा पदार्थ वाढलेला दिसला, आणि ऐकलेलं डोक्यात धरून त्याच्याशी खेळण्याची जी कामचलाऊ स्मृती असते ती सुमारे ६ टक्क्यांनी सुधारली. फरक पडला तो एका ठिकाणी. आवाज पहिल्यांदा उतरवून घेणारा मेंदूचा जो पट्टा आहे, तो पियानो गटात जसाच्या तसा राहिला, ऐकणाऱ्या गटात आक्रसला.

हा निकाल माझ्या बाजूने आहे असं म्हणताना मला जपून म्हणावं लागेल. ऐकणाऱ्यांनाही फायदा झालाच की! पण ते ऐकणं कसलं होतं ते बघा. वर्ग होता, शिक्षक होता, गृहपाठ होता, चुकणं होतं. खुर्चीत डुलणं नव्हतं. दोन्ही गटांत समान होतं ते शिकणं, आणि हाताने वाजवल्याने त्यात आणखी काहीतरी पडलं. संशोधकांनी स्वतःच बजावलं आहे की संगीताने मेंदू तरुण होत नाही. या सगळ्या माणसांचा मेंदू वयाप्रमाणे एकूणात आक्रसतच होता. काही कोपऱ्यांत घसरण थांबली, एवढंच.

तिसरा प्रयोग क्योतोचा, आणि सार्वजनिक धोरणाच्या दृष्टीने मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिथे सरासरी ७३ वर्षांच्या नवशिक्यांना तोंडाने फुंकून वाजवायचा छोटा कीबोर्ड चार महिने शिकवला होता. चार वर्षांनी संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठलं. काहींनी वाजवणं चालू ठेवलं होतं, काही दुसऱ्या छंदाकडे वळले होते. सोडून दिलेल्यांची शब्द डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता उतरली होती आणि मेंदूच्या खोल भागातला पुटामेन नावाचा एक गठ्ठा लहान झाला होता. चालू ठेवलेल्यांत ही उतरण दिसली नाही. ज्यांची तब्येत आणि उमेद टिकली त्यांनीच चालू ठेवलं असेल, हा आक्षेप इथेही घेता येतो आणि घ्यावाच. तरीही एक गोष्ट उरते. चार महिन्यांचं शिबिर पुरत नाही. आणि आपल्याकडून वृद्धांसाठी जे काही होतं ते बहुतेक शिबिरंच असतात, उद्घाटन आणि समारोप यांच्यामध्ये दोन-चार दिवस असलेली.

वाजवण्यात असं काय आहे? एक साधं उदाहरण घेते. डावा हात तीन पट्ट्या धरून ठेवतोय, उजवा चाल वाजवतोय. डोळे कागदावर बोटांच्या पुढे एक-दोन सूर धावत असतात. कान आत्ता वाजलेलं ऐकतोय, डोक्यात मघाचं धरलेलं आहे, आणि मनात पुढचं तयार होतंय. तिन्ही काळ एकाच वेळी चालू! यातली एकही गोष्ट एकटी अवघड नाही. सगळ्यांनी एका ठेक्यावर यायचं, ही खरी अडचण. हात चालवणारा, ऐकणारा, बघणारा, वेळ मोजणारा असे मेंदूचे एरवी आपापल्या कामात असलेले भाग तिथे एकमेकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं. चूक झाली की ती लपतही नाही. शब्दकोड्यात चुकीचं अक्षर दोन दिवस सुखाने नांदतं. चुकीचा सूर त्याच क्षणी कानात टोचतो.

या चुकीबद्दलचा एक शोध मला फार आवडतो. सराईत पियानोवादकांच्या डोक्याला विद्युत्-संवेदक लावून दोन वेगवेगळ्या गटांनी २००९ साली पाहिलं, की चुकीची पट्टी दाबली जाण्याआधीच, साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने आधी, मेंदूत वेगळी खूण उमटते. आणि चुकीची पट्टी बरोबरच्या पट्टीपेक्षा किंचित हलकी दाबली जाते. बोट मागे घ्यायला उशीर झालेला असतो, पण आतल्या राखणदाराने ओरड केलेली असते. हा राखणदार कोणी जन्माला घेऊन येत नाही. वारंवार चुकून, कोणीतरी ती चूक दाखवून, पुन्हा वाजवून तो तयार होतो. ज्याला दर वेळी 'वा, छान' ऐकवलं जातं त्याचा राखणदार झोपलेला राहतो. माझं भांडण आहे ते इथे. चूक दाखवण्यात शिकणाऱ्याचा अपमान नाही, शिकवण्याचा तो गाभा आहे, आणि वयाचा मान राखायचा म्हणून आपण नेमका तोच काढून घेतो.

कोलंबिया विद्यापीठातले याकोव्ह स्टर्न ज्याला मेंदूची राखीव क्षमता म्हणतात, तिला मी मराठीत गंगाजळी म्हणेन. दोन माणसांच्या मेंदूत रोगाचं नुकसान सारखंच असलं तरी एकाचं रोजचं जगणं कोलमडतं आणि दुसऱ्याचं बराच काळ निभतं, कारण दुसऱ्याकडे काम करून घ्यायच्या पर्यायी वाटा साठलेल्या असतात. शिक्षण, गुंतागुंतीचं काम, दुसरी भाषा, वाद्य, या सगळ्यांतून ही भर पडत जाते असा कयास आहे. गंगाजळी असली म्हणून दुष्काळ टळत नाही, काही दिवस निघतात. अमेरिकन गायक टोनी बेनेट आयुष्यभर गायले, तरी २०१६ साली त्यांना अल्झायमरचं निदान झालंच. २०२१ साली, ९५व्या वाढदिवशी, ते न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर उभे राहून पूर्ण कार्यक्रम गायले हेही तितकंच खरं. संगीतकार राव्हेल यांच्या शेवटच्या काही वर्षांत डोक्यात संगीत असूनही ते कागदावर उतरेना. संगीत हे कवच असतं तर या दोघांना ते सगळ्यांत आधी मिळायला हवं होतं.

मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण संगीताच्या नावाने थापा मारण्याची परंपरा जुनी आहे. १९९३ साली 'नेचर'मध्ये एक पानभर टिपण आलं. ३६ महाविद्यालयीन मुलांना मोझार्ट ऐकवल्यावर आकार मनात फिरवून पाहण्याच्या चाचणीत पंधराएक मिनिटं टिकणारी थोडी सुधारणा दिसली, इतकाच त्याचा जीव. पाच वर्षांत त्याचं असं काही झालं की अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची तबकडी द्यायला एक लाख पाच हजार डॉलर मागितले! पुढे मेंदूच्या व्यायामाचे संगणकी खेळ विकणारी एक कंपनी विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश लांबवण्याच्या दाव्यांवरून २०१६ साली अमेरिकेत अडचणीत आली आणि तिला वीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. उद्या 'अल्झायमर टाळा, गिटार शिका' अशी जाहिरात दिसली तर मला आश्चर्य वाटणार नाही. दिसली तर ती खोटी असेल.

आणि प्रत्येक प्रकारच्या गाण्या-वाजवण्याला मेंदूच्या खात्यावर जमा करायचीही गरज नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या १२ ज्येष्ठ केंद्रांत ३९० जणांचे समूहगायनाचे वर्ग झाले. सहा महिन्यांनी पाहिलं तर एकटेपणा कमी झालेला, जगण्यातला रस वाढलेला. स्मरणशक्ती आणि विचारांच्या चाचण्यांत मात्र फरक नाही. काहींनी याला अपयश म्हटलं असेल. मला तर हा अभ्यास सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. एकटेपणा कमी होणं ही काय लहान गोष्ट आहे? पण एकटेपणासाठी म्हणून केलेल्या गोष्टीला मेंदूचं लेबल लावू नये, आणि मेंदूच्या लेबलाखाली फक्त करमणूक देऊ नये.

ज्यांना स्मृतिभ्रंश झालेलाच आहे त्यांची गोष्ट निराळी, हेही इथेच सांगते. फिनलंडमध्ये ८९ रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी माणसं यांच्या तीन गटांपैकी दोन गटांना दहा आठवडे गाण्याचं किंवा ओळखीची गाणी ऐकण्याचं मार्गदर्शन मिळालं, आणि ऐकण्यानेही मन:स्थिती आणि काही प्रमाणात स्मरण सुधारलं. ओळखीच्या गाण्यांची आठवण ज्या भागांत राहते त्यांना अल्झायमर उशिरा गाठतो, असं मेंदूच्या चित्रांवरून दिसतं. तिथे चुका काढत बसणारा माणूस निर्दयी म्हणावा लागेल. तिथे गाणं सोबतीसाठी असतं. माझा आग्रह आहे तो अजून शिकू शकणाऱ्या, आणि म्हणून शिकवलं जाण्याचा हक्क असणाऱ्या माणसांबद्दल.

आता दुसऱ्या बाजूचं. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली आणि ती सगळी दूर झाली तर जगातली जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज दिला. शिक्षणाचा अभाव, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा, हवेचं प्रदूषण वगैरे. वाद्य न वाजवणं त्या यादीत नाही. मग पैसा आधी तिकडे नको का? हवा. याबाबत माझा वाद नाही. कुणी मला विचारलं की एका माणसासाठी श्रवणयंत्र घ्यायचं की कीबोर्ड, तर मी डोळे मिटून श्रवणयंत्र म्हणेन. शिकवणीचा पैसा मी औषधांच्या खात्यातून मागत नाही. तो फोटो आणि पाहुण्या कलाकारांच्या खात्यात आजही पडून आहे.

कानाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण इथे दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंततात. टोरोंटोमधल्या एका अभ्यासात गोंगाटात बोलणं समजून घेण्याची परीक्षा घेतली, तेव्हा सत्तरीचा वादक आणि पन्नाशीचा वादन न येणारा माणूस साधारण एका पातळीवर निघाले. गंमत अशी की वादकांचे कान काही जास्त तीक्ष्ण नव्हते. बारीक आवाज ऐकू येण्याची त्यांची मर्यादा इतरांसारखीच वयाने खालावली होती. आलेल्या आवाजातून कामाचा आवाज निवडून घेण्यात मेंदू वाकबगार झाला होता. पण ज्याला श्रवणयंत्र आहे त्याने वाद्य शिकायला सुरुवात केली की नवीच डोकेदुखी सुरू होते. ही यंत्रं माणसाच्या बोलण्यासाठी जुळवलेली असतात. मोठा आवाज ती दाबतात, बारीक उचलतात, आणि बासरीसारखा लांबलेला सूर म्हणजे आपलीच शिटी वाजतेय असं समजून तो पुसून टाकायला धावतात. वाजवणाऱ्याला वाटतं आपल्याला सूरच कळत नाही. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी निराळी जुळणी करून घेता येते. कान तपासणाऱ्याने 'तुम्ही काही वाजवता का?' एवढं विचारायला हवं. तो विचारत नाही, कारण या वयाचं माणूस वाजवत असेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही. पुन्हा तेच!

शिकवणी म्हणजे नेमकं काय मागते आहे मी? फार नाही. आठवड्याला एक वर्ग, आणि तो वर्षभर तरी, मध्येच निधी संपला म्हणून बंद न पडणारा. घरी नेता येईल असं वाद्य, वाचनालयातून पुस्तक नेतो तसं. सरावाला एखादी खोली, कारण भिंतीपलीकडच्या माणसाची झोप मोडेल या धास्तीने सोडून देणारे बरेच असतात. आणि सगळ्यांत अवघड ते म्हणजे शिक्षक. लहान मुलांना शिकवणारा चांगला शिक्षक इथे आपोआप चांगला ठरत नाही. सांधे सुजलेल्या बोटांनी कोणती पट्टी कोणत्या बोटाने घ्यायची हे बदलावं लागतं. मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं लागतं. लय कमी ठेवावी लागते. पण 'लय कमी' आणि 'अपेक्षा कमी' यांत फरक आहे. तो समजण्यासाठी शिक्षकांचं प्रशिक्षण हवं आणि त्याचे पैसे हवेत.

हे स्वप्नरंजन नाही. रॉय अर्न्स्ट नावाच्या संगीतशिक्षकांनी १९९१ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतशाळेत पन्नाशीपुढच्या लोकांचा बँड सुरू केला. वाद्याला कधी हात न लावलेल्यांनाही तिथे प्रवेश होता. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल, जे हवं ते शिका आणि काही महिन्यांत इतरांबरोबर बसून वाजवा. पुढे असे बँड ठिकठिकाणी निघाले. त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे बँडमध्ये तुमच्यावाचून अडतं. तुम्ही गेला नाहीत तर तिसऱ्या ओळीतला सूर रिकामा राहतो. प्रेक्षक म्हणून गेला नाहीत तर एक खुर्ची रिकामी राहते, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक आक्षेप राहिला, आणि तो बाहेरच्यांपेक्षा आमच्याच वयाची माणसं जास्त घेतात. "आता कशाला? येणार थोडंच आहे!" येणार नाही, हे खरं आहे. म्हणजे रंगमंचावर जाण्याइतकं येणार नाही. पण जिनिव्हातल्या किंवा क्योतोतल्या कोणालाही काही खास येत नव्हतं. जे काही त्यांच्या मेंदूत घडलं ते न येणाऱ्या काळात घडलं. आयुष्यभर पेटी वाजवणारा माणूस रोज तीच तीन गाणी डोळे मिटून वाजवत असेल, तर त्याच्यापेक्षा 'म'पाशी अडलेल्या नवशिक्याचा मेंदू त्या अर्ध्या तासात जास्त राबत असेल, असा माझा अंदाज आहे. पुराव्याने मी तो सिद्ध करू शकत नाही. संध्याकाळी सरावाला बसते तेव्हा मात्र तो खरा वाटतो.

आणि एक भीती माझ्या मनात आहे ती बोलून टाकते. हे सगळं वाचून एखादा मुलगा आपल्या आईला कीबोर्ड आणून देईल आणि रोज विचारील, "आई, आज सराव केलास का?" गोळी घेतली का, या सुरात. तसं झालं तर मी हा लेख मागे घेते. ज्याला नको त्याने शिकू नये. ज्याला नुसतं ऐकायचं आहे त्याने मनसोक्त ऐकावं. ऐकण्याच्या आनंदाला डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही. पण ज्याला शिकायचं आहे त्याच्यासमोर टाळ्यांचा कार्यक्रम ठेवू नका.

त्या दिवसानंतर आमच्या तासाचा नूर बदलला. सुरुवातीला माझ्या शिक्षकाला फार जड गेलं. "काकू, 'म'... म्हणजे, जरा..." असं अडखळायचा. मग सरावला. आता तो माझ्याकडे बघतही नाही, कागदावर पेन्सिल टेकवून "परत, 'ग'पासून" एवढंच म्हणतो. गेल्या आठवड्यात दोन्ही हातांची पहिली चाल लावली. चौथ्या ओळीत डावं बोट चुकीच्या पट्टीवर उतरताना मला ते उतरायच्या आधीच जाणवलं. सूर वाजला, पण हलका. त्याने पेन्सिल उचलली.

"हो, हो, कळलं मला," मी म्हटलं, आणि बोटं पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेली.